मल्लखांबाची गुरुपरंपरा : पुण्यापासून विळुप्पुरमपर्यंत



तंजावरात बदलीवर आलेल्या किंवा धंद्यानिमित्त स्थायिक झालेल्या प्रत्येक मराठी घरी गावाकडून पाहुणे येतात. त्यांना आपण राजवाडा दाखवतो, सरस्वती महाल ग्रंथालय दाखवतो आणि मग बृहदीश्वराच्या मंदिरात नेतो. तिथे भिंतीवर देवनागरीत कोरलेला मराठी शिलालेख पाहून पाहुणे चकित होतात. दुसऱ्या शरभोजीराजांनी १८०३ साली भोसले कुळाची वंशावळ आणि इतिहास तिथे कोरून घेतला. व्यंकोजीराजांपासून, म्हणजे १६७५-७६ च्या सुमारापासून, १८५५ पर्यंत सुमारे १८० वर्षे तंजावरवर मराठ्यांचे राज्य होते. ते गेले, पण वंशावळ दगडावर टिकून आहे.

राजघराण्यांच्या वंशावळी अशा कोरल्या जातात. विद्येच्या वंशावळी मात्र कुणी दगडावर कोरत नाही. गवई, कीर्तनकार, पैलवान, वैद्य यांची परंपरा गुरूने शिष्याला शिकवायची आणि शिष्याने पुढच्याला द्यायची, एवढ्यावरच चालते. मध्ये एक पिढी गळली की ती तुटते. यंदाच्या स्मरणिकेत अशाच एका परंपरेचा इतिहास सांगायचा आहे. ती म्हणजे आपला मल्लखांब. निमित्त असे की, ‘मल्लखांब मूळचा कुणाचा, मराठ्यांचा की तमिळांचा?’ हा वाद आपल्या तमिळ सहकाऱ्यांबरोबर चहा घेताना अधूनमधून निघतो आणि दोन्ही बाजू हट्टाला पेटतात. वाद घालण्याआधी इतिहास पाहिलेला बरा.

आधी थोडे चीनकडे

शारीरिक विद्येचे मूळ शोधताना माणसे कशी चुकतात, याचे उत्तम उदाहरण चीनमध्ये आहे आणि त्याचा एक धागा आपल्या तमिळनाडूतच आहे.

२०११ साली ‘एळाम अरिवु’ हा तमिळ चित्रपट आला. कांचीपुरमचा पल्लव राजपुत्र बोधिधर्म चीनला गेला आणि त्याने तिथल्या भिक्षूंना युद्धकला शिकवली, ही कथा त्यामुळे तमिळनाडूत घरोघरी पोहोचली. कुंग फूचे मूळ शाओलिन मठात आणि शाओलिनचे मूळ कांचीत, असा तिचा सरळ हिशेब.

इतिहास एवढा सरळ नाही. शाओलिन मठ पाचव्या शतकाच्या अखेरीस बांधला गेला, तो बातुओ नावाच्या भारतीय भिक्षूसाठी. बोधिधर्माचा सर्वांत जुना उल्लेख सहाव्या शतकातला आहे आणि त्यात तो पश्चिमेकडून आलेला इराणी भिक्षू म्हटला आहे. तो दक्षिण भारतातला होता, हे सातव्या शतकातील चरित्रकार सांगतो. म्हणजे दक्षिणेचा धागा जुना आहे, पण त्या जुन्या लेखनात तो ध्यान शिकवणारा आचार्य आहे, युद्धकलेचा गुरू नाही. ती जोड नंतरची. ‘यी जिन जिंग’ नावाचा व्यायामाचा ग्रंथ बोधिधर्माच्या नावावर खपवला गेला, तो सतराव्या शतकात. त्याची प्रस्तावना बनावट असल्याचे पुढे चिनी अभ्यासकांनीच दाखवून दिले.

मग शाओलिनचे भिक्षू लढत नव्हते का? लढत होते. इ. स. ६२१ मध्ये त्यांनी तांग घराण्याच्या राजपुत्राला युद्धात मदत केली. मठात ७२८ साली उभारलेल्या शिलालेखात त्याची नोंद आहे. सोळाव्या-सतराव्या शतकात शाओलिनची लाठी चीनभर गाजली होती. म्हणजे विद्या खरी, मेहनत खरी. मूळपुरुषाचे नाव मात्र मोठेपणासाठी मागाहून चिकटवलेले.

याच हनान प्रांतात चेनजियागौ नावाचे एक खेडे आहे. ‘ताय ची’ म्हणून जगभर बागाबागांतून जी संथ कसरत चालते, तिचा उगम या खेड्यातल्या चेन घराण्यात आहे. ताय चीचे मूळ म्हणून चांग सानफंग या योग्याचे नाव सांगितले जाई. १९३० च्या दशकात तांग हाओ नावाचा संशोधक त्या खेड्यात गेला, त्याने घराण्याची कागदपत्रे पाहिली आणि हे मूळ सतराव्या शतकातील चेन वांगतिंग या निवृत्त योद्ध्यापर्यंत नेले.

ही विद्या कितीतरी काळ चेन घराण्यातच फिरत होती. बाहेरच्यांना तिचा पत्ता नव्हता. एकोणिसाव्या शतकात चेन चांगशिंग या गुरूने यांग लुचान या परक्या माणसाला शिष्य केले. यांगने ती बीजिंगला नेली, तिथे शिष्य केले आणि आज जगात सर्वांत जास्त चालणारी ताय ची ही त्या परक्या शिष्याच्या घराण्याची आहे. मूळ चेन शैली बाहेर फारशी कुणाला ठाऊक नव्हती. १९२८ साली चेन फाके बीजिंगला येऊन शिकवू लागले, तेव्हा कुठे तिची ओळख पटू लागली. घरातली विद्या परक्या शिष्यामुळे जगभर झाली, ही गोष्ट लक्षात ठेवून आपण आता मल्लखांबाकडे येऊ.

बाळंभटदादा देवधर

तंजावरात शरभोजीराजे वंशावळ कोरून घेत होते, त्याच काळात पुण्यात दुसरे बाजीराव पेशवे गादीवर होते. त्यांच्या पदरी बाळंभटदादा देवधर हे व्यायामविद्येचे जाणकार होते. मल्लखांबाची आजची परंपरा सुरू होते ती त्यांच्यापासून.

त्यांची कथा तालमीतून अशी सांगतात. निजामाच्या मुलखातून अली आणि गुलाब नावाचे दोन बलाढ्य पैलवान पेशव्यांच्या दरबारात आले आणि त्यांनी कुस्तीचे आव्हान दिले. दरबारात कुणी पुढे येईना, तेव्हा तरुण बाळंभटाने विडा उचलला. तयारीसाठी मुदत मागून घेऊन तो वणीच्या सप्तशृंगीला गेला आणि त्याने देवीची आराधना केली. देवीच्या कृपेने मारुतीरायाने दृष्टांत दिला आणि लाकडी खांबावर कुस्तीचे डावपेच करून दाखवले. त्या मेहनतीवर बाळंभटाने अलीला चीत केले. ते पाहून गुलाबने लढण्यास नकार दिला.

कथा गोड आहे आणि ती कथा म्हणूनच सांगावी. कारण खांबावर मेहनत करण्याची पद्धत बाळंभटदादांच्या आधी सहा-सात शतके नोंदलेली आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ लिहिला. त्यातील मल्लविनोद या प्रकरणात मल्लांच्या मेहनतीचे प्रकार सांगितले आहेत, त्यांत ‘स्तंभश्रम’ आहे. गुजरातेतील ज्येष्ठीमल्लांच्या ‘मल्लपुराणा’तही स्तंभश्रम येतो. तेव्हा बाळंभटदादांना खांबाचे जनक म्हणण्यापेक्षा या विद्येला शिस्त लावणारे आचार्य म्हणावे. कुस्तीला पूरक म्हणून कुणी कुठे करत असेल ती मेहनत त्यांनी क्रमवार बांधली, तिचे डाव ठरवले आणि मुख्य म्हणजे शिष्य तयार केले.

पेशवाई गेली, खांब राहिला

१८१८ साली पेशवाई बुडाली. बाजीरावांना वर्षाला आठ लाख रुपयांच्या तनख्यावर कानपूरजवळच्या ब्रह्मावर्तास, म्हणजे बिठूरला जावे लागले. त्यांच्याबरोबर गेलेल्या आश्रितांत बाळंभटदादाही होते. नानासाहेब, तात्या टोपे आणि झाशीच्या राणी लक्ष्मीबाई यांनी लहानपणी तिथेच मल्लखांबाचे धडे घेतले, असे परंपरा सांगते.

इथे एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. पुण्यात राज्य असताना ही दरबारची विद्या होती. राज्य गेल्यावर ती दरबाराबाहेर पडली. कोंडभटनाना गोडबोले, दामोदरगुरू मोघे अशी नावे या शिष्यपरंपरेत येतात. काशीच्या मराठी वस्तीत आखाडा उभा राहिला आणि उत्तरेत मल्लखांब रुजला. उज्जैनला आजही अच्युतानंद गुरूंच्या नावाचा आखाडा आहे. मध्य प्रदेश सरकारने २०१३ साली मल्लखांबाला राज्याचा क्रीडाप्रकार म्हणून घोषित केले, त्यामागे या जुन्या आखाड्यांची पुण्याई आहे.

बडोद्यात सयाजीराव महाराजांच्या काळात व्यायामविद्येला चांगले दिवस आले. प्रोफेसर माणिकराव यांनी आपल्या उस्तादांच्या नावाने ‘जुम्मादादा व्यायाममंदिर’ चालवले आणि लाठी, लेझीम, मल्लखांब सामुदायिक कवायतीच्या शिस्तीत आणले. बडोद्यातूनच दत्तात्रय चिंतामण करंदीकर-मुजुमदार यांच्या संपादनाखाली १९३६ ते १९४९ या काळात ‘व्यायाम ज्ञानकोशा’चे दहा खंड निघाले. तोवर तोंडी चालत आलेले डाव तिथे चित्रांसह छापले गेले. गुरू नसलेल्या गावातही मग पुस्तक उघडून खांब पुरता येऊ लागला.

अमरावतीला १९१४ साली वैद्य बंधूंनी व्यायामशाळा काढली, तीच पुढे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झाली. मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. मुंबईत दादरच्या शिवाजी पार्कवर पु. ल. काळे गुरुजींनी १९२५ साली समर्थ व्यायाम मंदिर सुरू केले. त्याच संस्थेचे उदय देशपांडे यांनी देशोदेशी जाऊन मल्लखांब शिकवला. त्यांना २०२४ साली पद्मश्री मिळाली. फेब्रुवारी २०१९ मध्ये शिवाजी पार्कवर पहिली जागतिक मल्लखांब स्पर्धा भरली आणि सुमारे पंधरा देशांचे खेळाडू तिथे उतरले. अखिल भारतीय महासंघ १९८१ सालीच स्थापन झाला होता.

गणेशोत्सवाचाही या परंपरेत वाटा आहे. पुण्याच्या मानाच्या गणपतींपैकी गुरुजी तालीम हा गणपती नावाप्रमाणेच तालमीतून सुरू झालेला, लोकमान्यांच्या सार्वजनिक उत्सवाच्याही आधी. १८९४ नंतर मेळ्यांतून आणि मिरवणुकांतून लेझीम, लाठी, मल्लखांब लोकांसमोर आले. आखाड्यातला खांब आळीतल्या पोरांनी पाहिला तो अशा मिरवणुकांत, गाडीवर उभा केलेला.

खांबाची ओळख

आपल्यापैकी सांगली-कोल्हापूरकडच्यांना तालीम नवी नाही. खानापूर, आटपाडी, तासगावकडून गलाईच्या धंद्यासाठी दक्षिणेत आलेल्या घरांत एखादा तरी पैलवान होऊन गेलेला असतोच. पण तंजावरातच वाढलेल्या मुलांसाठी थोडे सांगतो.

पुरलेला मल्लखांब सागाचा किंवा शिसवीचा असतो. जमिनीच्या वर तो साधारण साडेआठ फूट राहतो आणि खालून वर निमुळता होत जातो. मुख्य भाग म्हणजे अंग, त्यावर बारीक मान आणि टोकाला गोल बोंड. खांबाला एरंडेल लावतात. त्याने लाकूड गुळगुळीत राहते, कातडी सोलवटत नाही आणि पकड मात्र नेमकी लागते. तेल जास्त झाले तर माणूस घसरतो, कमी झाले तर अंग खरचटते. तेल किती लावायचे हे सुद्धा गुरूच शिकवतो.

कुस्तीत जोडीदार थकतो, चुकतो, दया दाखवतो. खांब यांतले काहीच करत नाही. दोन्ही मांड्यांनी त्याला धरले की ‘अढी’. ती सैल पडली तर आपण खाली. दसरंग, बगली, फिरकी, सुईदोरा, वेल, घाणा, ताजवे अशी उड्यांची आणि पकडींची नावे आहेत. यांतली बरीचशी घर-शेतातून आलेली आहेत. सुईत दोरा ओवावा तसे स्वतःच्याच हातांच्या कड्यातून अंग काढायचे तो सुईदोरा. तेल्याच्या घाण्यासारखे फिरायचे तो घाणा. हात, पाय, पाठ, पोट, मान यांना एकाच वेळी काम पडते. स्पर्धेत साधारण दीड मिनिटात हे सारे दाखवायचे असते, आणि त्या दीड मिनिटामागे कित्येक वर्षांची मेहनत असते.

दुसरा प्रकार टांगत्या मल्लखांबाचा. तो साखळीने अधांतरी लोंबतो, त्यामुळे तोल आणखी अवघड. तिसरा दोरीचा. पूर्वी त्यासाठी वेत वापरत. चांगला वेत मिळेनासा झाला तेव्हा सुती दोर आला. दोरीच्या मल्लखांबामुळे मुली मोठ्या संख्येने या खेळात आल्या आणि आता त्या पुरलेल्या खांबावरही उतरतात. बाळंभटदादांच्या आखाड्यात ज्यांना प्रवेश मिळाला नसता, त्यांनीच ही परंपरा आज मोठी केली आहे.

‘मल्लर कंबम्’

आता आपल्या वादाकडे येऊ. तमिळमध्ये मल्लखांबाला ‘मल्लर कंबम्’ म्हणतात. मल्लर म्हणजे मल्ल, कंबम् म्हणजे खांब. आपला ‘खांब’ आणि त्यांचा ‘कंबम्’ एकाच जुन्या शब्दाची लेकरे आहेत. तमिळ मित्र म्हणतात की ही कला पल्लवांच्या कांचीतली. सातव्या शतकातील नरसिंहवर्मा पल्लवाची पदवीच ‘मामल्ल’ होती, म्हणजे महामल्ल, आणि त्याच नावावरून मामल्लपुरम हे नाव पडले.

पदवी खरी आहे. पण राजा मल्ल म्हणवत होता एवढ्यावरून आजच्या मल्लखांबाची अखंड शिष्यपरंपरा त्याच्यापर्यंत नेता येत नाही. आणि मग तोच न्याय आपल्यालाही लागतो. सप्तशृंगीचा दृष्टांत सांगून आपण खांबाचे पूर्ण मालक होत नाही. दक्षिणेत मल्लविद्या होतीच. १५२० च्या सुमारास विजयनगरला आलेला पोर्तुगीज प्रवासी डोमिंगो पाइश लिहितो की, कृष्णदेवराय पहाटे तिळाचे तेल पिऊन, अंगाला चोळून मेहनत करी आणि आपल्या पैलवानाशी कुस्ती खेळे. तंजावरचे नायक राजे त्याच विजयनगरच्या छायेत उभे राहिले. म्हणजे मराठे इथे आले तेव्हा त्यांना लाल माती आणि तेल नवे वाटले नसेल.

या वादात एक गोष्ट दोघेही विसरतो. तमिळनाडूत मल्लखांब आज कुठे जिवंत आहे? विळुप्पुरमला. तंजावरहून कुंभकोणम, मयिलादुतुरैमार्गे जाणाऱ्या रेल्वेने काही तासांवरचे हे गाव. तिथली साध्या घरांतली तमिळ मुले-मुली खांबावर आणि दोरीवर तयार होतात आणि राष्ट्रीय स्पर्धांत उतरतात. ही मुले अढी घालतात, दसरंग करतात. खेळाचे नियम आणि डाव तेच, जे पुण्या-मुंबईत आहेत. बाळंभटदादांच्या हातून सुरू झालेली शिस्तच तिथे चालते, फक्त शिकवण्याची भाषा तमिळ. जानेवारी २०२४ मध्ये तमिळनाडूत खेलो इंडिया युवा स्पर्धा झाल्या, त्यात मल्लखांब होता आणि तमिळांची लाठी ‘सिलंबम’ प्रदर्शनी खेळ म्हणून होती. दोन्ही विद्या एकाच स्पर्धेत आल्या, कुणाचे काही बिघडले नाही.

याउलट म्हैसूरकडे पाहा. तिथे जेट्टी नावाचा मल्लांचा समाज आहे, गुजरातच्या ज्येष्ठीमल्लांशी नाते सांगणारा. मुठीत वज्र धरून खेळायची त्यांची ‘वज्रमुष्टी’ ही फार जुनी विद्या. तिची वंशावळ मल्लखांबापेक्षा भक्कम म्हणावी लागेल. पण ती जातीतच राहिली. आज विजयादशमीला राजवाड्यात काही क्षणांची लढत होते, पहिले रक्त दिसले की थांबते, आणि पुढल्या दसऱ्यापर्यंत तिचे नाव निघत नाही. कुंपणात राहिलेली विद्या अशी मानाची होते, पण लहान होत जाते.

तंजावरने आपल्याला शिकवलेले

तंजावरच्या मराठी माणसाला हे सांगायला नको, कारण हे शहरच त्याची साक्ष आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रामचंद्रबुवा मोरगावकर इथे आले. त्यांचे मराठी कीर्तन ऐकून तंजावरचे लोक भारावले. तंजावर कृष्ण भागवतर या तमिळ कलावंताने ती पद्धत आत्मसात केली आणि तमिळ हरिकथेला नवे रूप दिले. साकी, दिंडी, ओवी, अभंग ही आपली वृत्ते आणि चाली तमिळ हरिकथेत शिरल्या त्या तेव्हापासून. आज महाराष्ट्रातून आलेल्या माणसाला तमिळ भागवतरांच्या तोंडून दिंडीची चाल ऐकू आली की तो दचकतो. ती चाल टिकली, कारण एका तमिळ माणसाने ती आपली मानली.

सर्कशीचेही तेच. सांगली जिल्ह्यातल्या अंकलखोपचे विष्णुपंत छत्रे यांनी १८८० साली मुंबईत पहिली भारतीय सर्कस उभी केली. दौरा करत ते केरळात तलश्शेरीला गेले. तिथे किलेरी कुन्हीकण्णन या कळरीच्या गुरूशी त्यांची गाठ पडली आणि सर्कशीसाठी मुले तयार करायचे ठरले. १९०१ साली कुन्हीकण्णन यांनी सर्कशीची शाळाच काढली. पुढे अनेक दशके भारतीय सर्कशीतले कलावंत मोठ्या संख्येने तलश्शेरीचे असत. कृष्णाकाठची कल्पना मलबारात रुजली आणि तिथून देशभर फिरली.

यांग लुचान, कृष्ण भागवतर, कुन्हीकण्णन, विळुप्पुरमची मुले या सगळ्यांचे सूत्र एकच आहे. मूळ कुणाचे याचा निकाल लागो वा न लागो, विद्या त्याची होते जो रोज सकाळी उठून ती करतो. आणि परंपरेत पहिले नाव कुणाचे यापेक्षा शेवटचे नाव कुणाचे आहे, ते आज शिकवते आहे की नाही, याची काळजी जास्त करायला हवी.

आपल्या मंडळापुरते

शेवटी एक सूचना मांडतो. आपल्या उत्सवात आरती होते, महाप्रसाद होतो, मुलांच्या चित्रकला आणि पाठांतराच्या स्पर्धा होतात. शिवाजी महाराजांवर भाषणे होतात, ती व्हायलाच हवीत. पण आपल्या मुलांनी मल्लखांब पाहिला असेल तर मोबाइलवरच. त्याला हात लावलेले मूल आपल्यात विरळाच. बदलीवर आलेल्यांची मुले दोन-तीन वर्षांत पुढच्या गावी जातील. गलाईवाल्यांची मुले इथेच मोठी होतील, तमिळ शाळेत शिकतील. पुढे त्यांना मराठीपण म्हणून हाती काय राहणार? घोषणा आणि फेटा एवढेच राहिले तर ते फार थोडे आहे.

तेव्हा येत्या वर्षी मंडळाने एक दोरीचा मल्लखांब आणि जमल्यास एक पुरलेला खांब उभा करावा. शिकवायला पुण्याहून कुणी बोलावणे महागात पडेल आणि तो चार दिवसांत परत जाईल. त्यापेक्षा विळुप्पुरमहून शिक्षक बोलवावा. तो तमिळमध्ये शिकवील. आपली मुले तमिळ आपल्यापेक्षा चांगली बोलतात, त्यांना अडचण नाही. अडचण झालीच तर ती आपल्या मनाची असेल, की मराठी विद्या तमिळ गुरूकडून कशी घ्यायची? ती मनातून काढून टाकू. आखाड्यात पाऊल टाकताना आपण मातीला नमस्कार करतो, तेव्हा ती माती कुठल्या जिल्ह्यातली हे विचारत नाही.

आणि वर्ग सुरू झालाच तर तो फक्त मराठी मुलांचा नसावा. गल्लीतली, शाळेतली, ऑफिसातल्या सहकाऱ्यांची तमिळ मुलेही त्यात असावीत. गणपतीला तर भाषेची अडचण मुळीच नाही. इथे तो पिळ्ळैयार म्हणून कोपऱ्याकोपऱ्यावर, पिंपळाच्या झाडाखाली बसलेलाच आहे.

बृहदीश्वराच्या भिंतीवर जी वंशावळ आहे तिच्यात आता नवे नाव भरायचे नाही. पण बाळंभटदादांपासून चालत आलेल्या दुसऱ्या वंशावळीत तंजावरचे नाव घालणे अजून आपल्या हातात आहे. त्यासाठी एक खांब, थोडे एरंडेल, एक शिक्षक आणि सकाळी साडेपाचला उठणारी दहा मुले एवढेच लागते. पहिल्या तीन गोष्टी वर्गणीतून होतील. चौथी आपण पालकांनी मनावर घेतली तरच होईल.

गणपती बाप्पा मोरया!